‘बाहेर’ म्हणजे नेमके कुठे, याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
संगणक व संकेतस्थळ कक्ष,
सार्वजनिक रुग्णालय, तळमजला.

विषय : रुग्णांचे अहवाल वेबरूटच्या बाहेर ठेवू देणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ : माझ्या आधीच्या दोन अर्जांना आलेले आपले एकच उत्तर.

महोदय,

१. मी दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. अहवाल संकेतस्थळावर चढवण्याचे काम ‘सायन्सवाली आहे, जमेल तिला’ एवढ्या पात्रतेवर माझ्या गळ्यात पडले.

२. सर्व्हरवरचा जो फोल्डर जगातला कोणीही उघडू शकतो, त्याला वेबरूट म्हणतात. दुकानाची दर्शनी काच म्हणा. आपल्या कंट्रोल पॅनेलमध्ये मला तेवढाच फोल्डर दिसतो. त्याच्या एक पायरी वर, म्हणजे मागच्या खोलीत, जाण्याचे बटण बंद आहे. दाबल्यास ‘आपला अनुभव कसा होता?’ असे विचारून पॅनेल पाच तारे पुढे करते. पॅनेलचा रंग मात्र सोळा प्रकारे बदलता येतो. मी सोळाही लावून पाहिले. अहवाल प्रत्येक रंगात तितकेच उघडे राहतात.

३. अहवालांना ओळीने क्रमांक आहेत. रुग्णाने स्वतःच्या अहवालाच्या वेब-पत्त्यातला शेवटचा आकडा एकाने वाढवला की पुढच्या रुग्णाचा अहवाल उघडतो. हे मी आपल्या मदतकक्षाला दाखवले. त्यांनी बराच विचार करून आकड्यांच्या आधी तीन शून्ये लावायला सांगितली.

४. ‘अहवाल वेबरूटच्या बाहेर हलवू द्यावेत’ या विनंतीवर आपण कळवले : ‘अहवाल गोपनीय असल्याने ते बाहेर ठेवता येणार नाहीत. सुरक्षेसाठी आतच ठेवावेत.’ महोदय, हे वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे. पण काचेच्या आत ठेवलेली वस्तू रस्त्यावरून दिसते आणि काचेपासून दूर, मागच्या खोलीत ठेवलेली दिसत नाही, हे समजायला संगणक लागत नाही. मी सोबत आकृती जोडली होती. ती ‘अर्जासोबत चित्रे जोडू नयेत’ या शेऱ्यासह परत आली.

५. आता मूळ मुद्दा. शिलाई कारखान्यातल्या एका बाईंना मानेतल्या गाठीचा क्षय आहे. फक्त गाठीतला क्षय खोकल्यातून पसरत नाही. अहवालात तसे लिहिलेही आहे, तिसऱ्या ओळीत. त्यांचा मुकादम त्याच दिवशी इथेच स्वतःचे रक्त तपासून घेऊन गेला होता. त्याने आकडा वाढवला, पहिली ओळ वाचली आणि बाईंना कामावरून काढले. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, “चोरून नाही बघितलं मॅडम, तुमच्याच साइटवर लावलेलं होतं.” बाई प्रयोगशाळेच्या खिडकीशी आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “मी तर घरीसुद्धा बोलले नव्हते गं. तू सांगितलंस का?”

६. त्यांना आपल्या सहीचे पत्र हवे आहे : अहवाल आमच्या चुकीने उघडा पडला आणि हा आजार सोबतच्या कामगारांना होणार नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या वाक्याखाली सही केली आहे. पहिल्या वाक्याखालची जागा अकरा दिवस कोरी आहे, कारण आपल्या कक्षाच्या मते अहवाल ‘आतच’ होता. म्हणजे सध्या कागद आत आहे आणि बाई बाहेर.

७. आज सकाळी मी सर्व १,३४६ अहवाल संकेतस्थळावरून काढले. त्यासाठी परवानगी लागली नाही. पुसून टाकण्याचे बटण पॅनेलमध्ये सर्वांत मोठे आहे. अहवाल आता बंद पाकिटातून, ओळख पाहून, खिडकीवर मिळतील. हा शिस्तभंग असल्यास कारवाईला माझी हरकत नाही. कोऱ्या जागेवर मी माझी सही केली आहे आणि दुपारच्या सुट्टीत पत्र घेऊन बाईंसोबत कारखान्यात जात आहे. माझ्या सहीला तिथे कोणी विचारणार नाही, याची मला कल्पना आहे. आपल्या सहीसाठी वरच्या बाजूला जागा ठेवली आहे. साडेबारापर्यंत मी खिडकीवर आहे.

आपली नम्र,
(सही)
साहाय्यक, प्रयोगशाळा, दुसरा मजला
दि. ९, सकाळी १०.४०

सोबत : १) पत्र, एका सहीची जागा रिकामी. २) तीच आकृती, या वेळी शब्दांत.