खाली राहिलेला निपल

शुक्रवार, संध्याकाळ. गोरेगाव.

धाकट्या भावाच्या, रमेशच्या, सफारीच्या जीपला आज मी पुढच्या चाकांचे दोन्ही नवे कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती आवळणारे चिमटे, बसवले. उद्या सकाळी नागझिऱ्यात पर्यटक नेण्याचा त्याचा नंबर आहे. मग ब्रेकच्या तेलातील हवा काढायला बसलो. पत्नी सुनंदा पेडल दाबून धरी, मी चाकाशी कॅलिपरवरचा हवा सोडायचा निपल सैल करून पुन्हा आवळी. आयटीआयमध्ये हीच पद्धत मी किती आनंदाने शिकवतो! तेल स्वच्छ आले, बुडबुडा एकही नाही. तरी पेडल स्पंजासारखे.

"आणखी किती दाबू जी? पाय भरून आला," सुनंदा म्हणाली.

"दोन खेपा दाबला का लागते ना ब्रेक, दादा! कायले घोर करतेस?" रमेश हसला.

मी "झाले" म्हणालो. का म्हणालो?

हात धुताना उमगले. निपल खाली होता. हवा वर जाते, म्हणून निपल वरच्या बाजूलाच असावा लागतो, हे मीच फळ्यावर बाण काढून सांगतो. डावा कॅलिपर उजवीकडे गेला आहे, उजवा डावीकडे; म्हणून निपल खाली आला आणि हवा वर अडकून राहिली. निपल खाली होता आणि मी तासभर त्याच्याकडेच पाहत होतो!

"किल्ली दे ना जी, दादा. पेट्रोल भरून येतो," रमेश अंगणातून ओरडतो आहे.

किल्ली या वहीखाली आहे. चूक सांगितली, तर 'सरांनी उलटे बसवले' हे उद्या गेटवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला कळेल. न सांगितली, तर उतारावर पहिल्याच दाबाला पेडल तळाला जाईल.

सुनंदा दारात उभी. "गाडी बरोबर नाही ना जी? तुमचं तोंडच सांगून राह्यलं."

वही मिटतो. रमेशला किल्ली नाही, पाना देणार आहे.