उ. लिहिलेली खोकी

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, डोकं ठिकाणावर आणि सुईत दोरा अजून स्वतः ओवणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने आणि खरं सांगायचं तर वैतागून लिहून ठेवत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात गाडी 'पूर्ण झाल्यावर' कोणाला द्यायची ते लिहिलं होतं. गाडी पूर्ण झालेली नाही.

कलम १. राहतं घर आणि मागची शेड मुलीला. बँकेतली ठेवही तिलाच. ती एवढीशीच का, असं जावई विचारतील. त्यांना शेड दाखवावी.

कलम २. शिलाई मशीन आणि मोठी कात्री समोरच्या काजाबटणवालीला. तिने त्या कात्रीने कागद कापल्याचं दिसलं तर कात्री परत घ्यावी.

कलम ३. गाडी. माझे यजमान नकाशे काढण्याच्या नोकरीत होते. बावीस वर्षांपूर्वी एका बंद कारखान्याच्या आवारातून त्यांनी ही गाडी ओढत आणली. गाडी त्यांच्याहून वयाने मोठी. "दोन वर्षांत रस्त्यावर आणतो," म्हणाले. खर्चाचा अंदाज त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडला होता, तो नुसत्या इंजिनातच संपला. रेडिएटरसाठी माझं विजेवरचं शिलाई मशीन विकलं. घराच्या गच्चीची गळती तशीच राहिली, गाडीच्या टपाची मात्र थांबली.

गंज खरवडला की खाली भोक, भोक बुजवलं की शेजारी गंज. चाकावरच्या एका टोपीसाठी सात महिने पत्रं लिहिली आणि आली ती भलत्याच मॉडेलची. डेंटर म्हणतो, पेंटरने पुट्टी थापली. पेंटर म्हणतो, डेंटरने पत्राच वाकडा ठोकला. दोघांना एकाच दिवशी शेडमध्ये बोलावू नये. सीट मी स्वतः शिवल्या आणि चारदा उसवल्या, कारण दर वेळी कोणीतरी 'मूळचा धागा असा नव्हता' म्हणायचं.

आज डावीकडून पाहिलं तर गाडी कोरी करकरीत दिसते. उजवीकडे दार नाही, दिवा नाही, काच वरखाली करायचं यंत्र नाही. आणि स्टिअरिंग उजवीकडेच आहे. इंजिन चालतं, पण बिनदाराच्या बाजूला बसून चालवणार कोण?

कलम ४. उजवी बाजू का नाही, ते आता लिहिते. हे कलम मी अकरा वर्षं टाळलं.

गाडी सुटी केली तेव्हा हे सांगायचे आणि मी खोक्यांवर लिहायची. डावीकडच्या भागांना डा., उजवीकडच्यांना उ. झिजलेले बोल्ट, कुजलेलं रबर, असलं उरलेलं सामान एका खोक्यात टाकलं. त्यावरही मी उ. लिहिलं. उ. म्हणजे उरलेलं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे हे दवाखान्यात होते. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून मी माझ्या धाकट्या दिरांना सांगितलं, "भाऊजी, उ. लिहिलंय ते भंगारात देऊन टाका."

त्यांनी दारातून विचारलं, "वहिनी, सगळी उ.? बरीच खोकी आहेत हो."

मी मशीनवर होते. मानही वर केली नाही. "सगळी म्हणजे सगळी. किती वेळा सांगू?"

हे घरी आल्यावर शेडमध्ये गेले आणि बाहेर येऊन भावावर ओरडले. नको नको ते बोलले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि गप्प बसले. भाऊजींनी माझं नाव घेतलं नाही. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, आणि तीन वर्षांनी हे गेले. मला स्वतःची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

कलम ५. गाडी धाकट्या दिरांना द्यावी.

दिरांचं स्वतःचं लेथ मशीन आहे. नमुना पाहून भाग घडवणारा आणि हे काम तडीस नेईल असा तेवढाच एक माणूस मला ठाऊक आहे. पण हे लिहून झाल्यावर मी वकिलांना म्हटलं, साक्षीदार म्हणूनही त्यांनाच घेऊ, म्हणजे कलम चार माझ्यादेखत वाचतील. वकील म्हणाले, "बाई, ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार करता येत नाही. एक काय ते ठरवा."

मृत्युपत्र वाचतात मेल्यावर. कबुली देऊन पळून जायची याहून सोपी वाट नाही. तोंडाने सांगायला मी तीनदा भाऊजींकडे गेले आणि तिन्ही वेळा जावेच्या ब्लाउजचं माप घेऊन परत आले. म्हणून

~~कलम ५. गाडी धाकट्या दिरांना द्यावी.~~

कलम ५ मी खोडलं आहे. खाडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे. गाडी मुलीला. ती जुन्या गाड्यांच्या एखाद्या शौकिनाला विकेल आणि तो सुटी करून भाग विकेल, हे मला माहीत आहे. बावीस वर्षं पाण्यात गेली असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, मीही म्हणते.

लिहून देणार: सही

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार १: पेंटर. सही. (डेंटर येणार नाही या अटीवर आले.)

साक्षीदार २: धाकटे दीर. वकिलांनी नुसती सही मागितली होती, यांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. मग म्हणाले, "वहिनी, दादा असताना हे एकदा बोलायचं होतं." त्यांनी सही केली. चहाला थांबले नाहीत.

ठिकाण: राहतं घर, शिवणाची खोली
दिनांक: चौदा, सोमवार, दुपार