सतरा बोगद्यांचा कोंबडा

नेरूळ, श्रावणातला सोमवार, १९९८

चि. सौ. जयमाला,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद पोचला असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का, की अजून पहाट झाल्याचं तेच गावाला कळवतात? मी ठणठणीत. उजवा डोळा इतका साफ झालाय की वैजयंतीनं घासलेली भांडी पुन्हा घासावीशी वाटतात. (सुनेला मोतीबिंदूच बरा होता.)

डोळ्यावरून तुझा कोंबडा आला. ऑपरेशनच्या वेळी मला न विचारता तू नवस बोललीस, आणि नामाच्या भाजीच्या टेम्पोतून कोंबडा धाडून दिलास. एकवीस पहाटा माझ्या दारात आरवला पाहिजे, मग कुठल्याही देवीला सोडायचा, आणि नवस अर्धा राहिला तर डोळा गेला म्हणून समज. अगं, दार म्हणजे तुला अंगण वाटलं का? दुसरा मजला, दोन खोल्या, आणि कोंबडा बाथरूममधल्या बादलीवर. चार पहाटा आरवला आणि सोसायटीचे सेक्रेटरी वामनराव कागद घेऊन हजर. रविवारपर्यंत पक्षी हलवा. बँकेतून रिटायर झालेला माणूस, आठाला उठणार. पहाट नावाची गोष्ट असते हे त्यांना कोंबड्यानंच दाखवलं, पण उपकाराची जाण कुणाला आहे?

त्यात दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, पहाटेआधी निघून सोसायटीची रत्नागिरीची सहल. नवी रेल्वे झाल्यापासून लोकांना पावसाळ्यात डोंगर बघायचं वेड लागलंय. (आपण जन्मभर डोंगर चढलो, आपल्याला कुणी तिकीट दिलं नाही.) माझ्या सयाजीनं माझंही नाव घातलं होतं. कोंबडा घरी ठेवावा तर वैजयंती श्रावण कधी संपतो म्हणून त्याच्याकडे ज्या नजरेनं बघते, ती मला नव्या डोळ्यानं स्वच्छ दिसते. म्हणून त्याला टोपलीत घातला, वर जुनं लुगडं बांधलं आणि पनवेलला गाडीत चढले. विचारलं तर लोणचं म्हणायचं ठरलं होतं.

लोणचं पहिल्या बोगद्यापर्यंत टिकलं. बोगदा आला की आमची मंडळी डब्यातले दिवे मालवायची, म्हणे अंधाराची मजा. (घरी लाईट गेली की हेच लोक वीज मंडळाला शिव्या घालतात.) गाडी बाहेर आली, लख्ख उजाडलं, आणि लुगड्यातून बांग. सगळा डबा धबधबा सोडून माझ्याकडे बघायला लागला. आणि मला एकदम उमगलं. रात्र झाली, उजाडलं, कोंबडा आरवला. मग आणखी पहाट म्हणजे काय असतं? मी बोट मोडलं. पाच.

दारात आरवला पाहिजे ही तुझी अट. बाक दाराजवळचाच, म्हणून पहिली बांग धरली, पण पुढच्यांसाठी टोपली उचलून थेट डब्याच्या दाराशी बसले. तिकीट माझं, तेव्हा दारही माझंच. वामनराव आधी भडकले, पण एकवीस झाले की कोंबडा सुटणार हे कळल्यावर शेजारी येऊन बसले आणि सहलीच्या कागदामागं पेनानं रेघा मारायला लागले. लहानसे बोगदेही धरा म्हणून मागं लागले. मी धरले नाहीत. पापणी लवेपर्यंत संपतात, त्याला रात्र कशी म्हणायची? देवीला फसवायचं नाही.

वीस झाले. रत्नागिरीच्या अलीकडे सगळ्यात लांबलचक बोगदा. इतका लांब की कोंबडा झोपला. बाहेर आलो, ऊन पडलं, झाडं, ओढा, सगळं झालं, पण हा मान पंखात घालून गप्प. सगळा डबा श्वास धरून. स्टेशन जवळ आलं आणि वामनरावांनी, सफारीतल्या माणसानं, दोन्ही हात तोंडाशी धरून अशी बांग दिली की पुढच्या डब्यातून माणसं बघायला आली. कोंबड्यानं डोळा उघडला, अपमान झाल्यासारखं बघितलं आणि उत्तर दिलं.

"झाले एकवीस," वामनराव म्हणाले. "आता सोडा आजी, पाया पडतो."

लोकांनी राजवाडा बघितला, दीपस्तंभ बघितला. मी किल्ल्यावर देवीच्या दारात टोपली उघडली. कोंबडा बाहेर आला, खालचा समुद्र बघितला आणि चालत परत टोपलीत जाऊन बसला. देवीनंच घेतला नाही, मी काय करू?

पण खरा घोळ पुढं झाला. येताना तेच सतरा बोगदे उलटे आले. प्रत्येकाच्या पलीकडे हा आरवला. जाताना दिवस पुढं गेले, मग येताना मागं आले का? माझ्या मते पनवेलला उतरलो तेव्हा आपण परत चारवर होतो. बांग देऊन वामनरावांचा घसा बसला होता. काल घसा सुटल्यावर म्हणाले, नवस फिटला, कोंबडा हलवा. नवस बोलणारी तू, तेव्हा निकाल तू दे. डोळा माझा आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी
राजाबाई

ता. क. निकालात येतानाचे दिवस वजा झाले असंच लिही, आणि मोठ्या अक्षरात. कागद वामनरावांना दाखवायचा आहे. एकविसाव्या पहाटेनंतर काय करायचं ते मात्र लिहू नकोस.

ता. क. दुसरं. नामाच्या टेम्पोतून एक तलंग धाड, अंड्यावर येण्याजोगी. हा एकटा बादलीवर बसून कुढतो. कुणी विचारलं तर सांगीन, डावा डोळा अजून व्हायचाय.