मोज्यांच्या चांदीने मेलेल्या जीवाणूंबाबत खुलासा व विनंती

प्रति,
मा. सांडपाणी नियंत्रण अधिकारी,
जलशुद्धी विभाग.

विषय : माझ्या ताब्यातील जीवाणू कामावर नसल्याबद्दल आलेल्या नोटिशीचा खुलासा.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, गेल्या आठवड्यातील सोमवारची.

महोदय,

१. मी सांडपाणी केंद्रात एकोणीस वर्षे टाकीचालक आहे. शहराची घाण टाकीतले जीवाणू खातात. मी त्यांना वेळेवर हवा सोडतो. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही रजा मागितलेली नाही.

२. दोन महिन्यांपूर्वी 'वास न येणाऱ्या' मोज्यांचा कारखाना सुरू झाला. त्या मोज्यांत चांदीचे नॅनोकण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतू मारतात. कारखान्याचे धुण्याचे पाणी दर गुरुवारी आमच्या टाकीत येते. पायाचे जंतू कोणते आणि सरकारी सेवेतले कोणते, अशी चौकशी हे कण करीत नाहीत. तिसऱ्या गुरुवारनंतर टाकीला असा वास सुटला, की पलीकडच्या गल्लीतल्या माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्याशी बोलणे टाकले.

३. प्रयोगशाळेतल्या बाई सूक्ष्मदर्शकातून पाहून म्हणाल्या, "काका, इथे कुणी हलतच नाही हो." आपल्या निरीक्षकांनी मात्र कारखान्याचे पाणी ग्लासात धरून, "चांदी ती चांदीच, त्यात वाईट काय असणार?" असे मत दिले. त्याच दिवशी कारखान्यास जंतुमुक्त पाण्याबद्दल प्रशस्तिपत्र व मला निष्काळजीपणाची नोटीस मिळाली. दोन्हींवर सही आपलीच आहे. सही सुरेख आहे.

४. सबब मी शेजारच्या शहरातल्या टाकीतून जिवंत, म्हणजे जीवाणूंनी भरलेला, गाळ आणून दोन बादल्यांत सारखाच घेतला. एकीत घरगुती सांडपाणी ओतले, दुसरीत त्यातच कारखान्याचे मिसळले. चौथ्या दिवशी पहिलीतले पाणी निवळले. दुसरीचे झाकण उघडताच निरीक्षक साहेब नाक धरून बाहेर गेले, ते पंचनाम्यावर सही करायलाही परतले नाहीत.

५. जे थोडे जीवाणू उरले, त्यांना आता चांदी बाधत नाही, असेही बाईंना आढळले. "भाजलेल्यांच्या जखमांना चांदीचंच मलम लावतात, काका," त्या म्हणाल्या. आमचे पाणी पुढे ज्या नदीत जाते, तिच्या काठी रुग्णालय आहे. यावर मला थट्टा सुचत नाही.

६. काल शेजारच्या शहरातल्या टाकीचालकाकडून टँकरभर जिवंत गाळ मागून आणला. आज मंगळवार. माझा खुलासा मान्य करावा अथवा मला घरी बसवावे, पण परवा गुरुवारचे पाणी थांबवावे. नवे जीवाणू सकाळपासून कामाला लागले आहेत. त्यांना अजून कुणी काही सांगितलेले नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
टाकीचालक, पहिली पाळी
(सही)
मंगळवार, सकाळी अकरा

सोबत : प्रयोगशाळेचा अहवाल; निरीक्षकांच्या सहीविना पंचनामा.