कोलोनच्या साहेबाची आंबील

ऊर्जानगर, चंद्रपूर
२१ मे २००२, मंगळवार

आदरणीय मुखरूभाऊ यांच्या पायांवर, मधली वैनगंगा ओलांडून, डोमाचे डोके.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी तुम्ही त्याला एरंडाचं पान बांधलं होतं, ते सोडलं की अजून तसंच आहे? तलावाचं पाणी किती उतरलं? वहिनींनी या वर्षी लोणचं कमी घातलं असेल तर काळजी करू नये, मागच्या वर्षीची अर्धी बरणी आमच्याकडे आहे. (ती मी एकट्याने संपवणार नाही, हे वचन.) इकडे ऊन सत्तेचाळीस अंशांवर गेलं आहे. सकाळी अंगणात टाकलेला पापड तळायची गरज पडत नाही. पत्रास कारण तुमच्याच घरात आठ दिवसांपासून राहून राह्यलं आहे, आणि ते माझ्यावर रुसलेलं आहे.

भाऊ, तुमच्या बहिणीने, भागीरथेने, तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. ती तेरा तारखेला सकाळच्या बसने पेटी घेऊन निघाली तेव्हा एवढंच म्हणाली की आता भाऊच फैसला करतील आणि तोवर मी परत येत नाही. तुम्ही पडलात दारूबंदी समितीचे अध्यक्ष. सरकारने तुमच्या जिल्ह्यात बंदी आणली त्याच्या आधी तुम्ही गावातले माठ फोडले होते. पुढच्या सोमवारी समितीची बैठक आहे आणि तिच्यात माझा विषय आहे, हे मला वारलूकडून कळलं. (तुमच्या गावचा वारलू, जो इथे पाण्याच्या टँकरवर आहे. त्यानेच आमच्या गेस्ट हाऊसच्या खिडकीतून पाहिलं, आणि मग त्याच्या टँकरपेक्षा त्याचं तोंड जास्त गळलं.) बैठकीत माझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही. म्हणून हे पत्र. माझी बायको परत येते की नाही हे यावर ठरायचं आहे, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी शपथेचं बोलतो. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला तलावात गुडघाभर पाण्यात उभं करून शपथ घ्यायला लावलीत, की मोहाची असो, गुळाची असो, दुकानातली असो, ओठाला लावणार नाही. सोळा वर्षं मी ती पाळली. साहेबलोकांना वाढताना नाकावर फडकं धरलं. पण भाऊ, शांत मनाने आठवा, त्या शपथेत जर्मनीचा उल्लेख नव्हता. हा मुद्दा समितीपुढे अवश्य मांडावा.

आता मूळ हकीकत. इथल्या वीज केंद्रातली एक मशीन दुरुस्त करायला ठेकेदार कंपनीने मार्च महिन्यात जर्मनीहून डीटर नावाचा साहेब आणला. सहा फुटांचा, पांढरा, आणि उन्हात अर्धा तास ठेवला की लाल. त्याच्या गावाचं नाव कोलोन. (आपला न्हावी दाढी झाल्यावर गालाला लावतो ते पाणी याच गावचं. त्याला हे सांगितलं तर त्याने माझा हात धरून दोनदा हलवला.) तो कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहतो आणि तिथला स्वयंपाकी मी. एप्रिल लागला तसं साहेबाने जेवण टाकलं. वरण नको, मासोळी नको, अंडं नको. काकडी खायचा आणि पंख्याकडे पाहत बसायचा. वजन उतरलं, पँट दोरीने बांधायची वेळ आली. आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की हा माणूस आजारी पडून परत गेला तर मशीन उघडीच राहील आणि त्याचं कारण तुझं किचन असेल. मी आंबाडीची भाजी केली, पन्हं केलं, फणस केला. सगळं परत आलं.

शेवटी प्रणितने, म्हणजे आमच्या नव्या पोरगेल्या इंजिनिअरने, त्याला इंग्रजीत विचारलं की काय पाहिजे. तेव्हा साहेबाचे डोळे भरून आले. म्हणाला, आमच्या गावी उन्हाळ्यात एक बिअर पितात. हलकी, गव्हाच्या काडीच्या रंगाची, लहान ग्लासात. तुमच्या दुकानातली बाटली जड आहे, ती प्यायली की झोप येते. आमची प्यायली की भूक लागते. भाऊ, भूक हा शब्द ऐकला आणि माझे कान उभे राहिले. मी स्वयंपाकी आहे. माझं काम भूक.

मग जर्मनीहून येणाऱ्या दुसऱ्या साहेबाबरोबर सामान आलं. मोड आणून वाळवलेलं जव, कडू वासाची वाळकी हिरवी फुलं, खमिराची पुडी, आणि एक पांढरं पिंप ज्याच्या झाकणाला वाकडी नळी. (परवानगीचं काय, हे मी मोठ्या साहेबांना विचारलं. त्यांनी मला भाजी जळाल्याचा वास येतोय का असं विचारलं.) साहेबाने माझ्या पातेल्यात जव शिजवलं, गाळलं, फुलं उकळली, पिंपात भरलं आणि खमीर टाकून झाकलं. इथवर ठीक. पण ही बिअर पहिला आठवडा गारव्यात आंबते आणि पुढे तीन आठवडे आणखी थंडीत निजते, तेव्हा कुठे ती निवळते. फ्रीजमध्ये पिंप मावेना. कूलरपुढे ठेवलं तर कूलरच गरम. साहेब थर्मामीटर पाहून डोकं धरून बसला.

इथे भाऊ, आपलं मासोळीवाल्या घराण्याचं डोकं चाललं. तलावाची मासोळी मे महिन्यात बाजारापर्यंत ताजी कशी जाते? लाकडी पेटी, खाली धानाचा कोंडा, त्यावर बर्फाची लादी फोडून, वर गोणपाट, पुन्हा कोंडा, पुन्हा बर्फ. मी मूल गावच्या राईस मिलमधून सहा पोती कोंडा आणला, बाजारातून बर्फ आणला आणि पिंप मोठ्या पेटीत मोठ्या मासोळीसारखं निजवलं. (भागीरथेने थोडाफार हात लावला असेल. आमचं क्वार्टर गेस्ट हाऊसच्या मागेच आहे.) दुसऱ्या दिवशी साहेबाने थर्मामीटर घातला, पाहिला, पुसला, पुन्हा घातला. बाहेर पंचेचाळीस, आत सोळा. साहेबाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी कोंड्यात पडलो. आठवडाभर नळीतून बुडबुडे येत राहिले, मग थांबले, पुढे तीन आठवडे बर्फ दुप्पट झाला, आणि साहेबाने बारा मे, रविवार, दुपारी चारचा मुहूर्त काढला.

त्या दिवशी मोठे साहेब, त्यांच्या खालचे चार, आणि प्रणित असे पाहुणे आले. साहेबाने घरून मागवलेले काचेचे उभे लहान ग्लास होते आणि प्रत्येकापुढे एक गोल जाड पुठ्ठा. मला त्याने प्रणितकरवी सकाळीच पढवून ठेवलं होतं. आमच्या गावची रीत अशी, की वाढणाऱ्याने विचारायचं नाही. ग्लास रिकामा दिसला की भरलेला ठेवायचा. पुरे झालं की पिणारा तो पुठ्ठा ग्लासावर झाकण म्हणून ठेवतो. तेवढं दिसलं की थांबायचं. मी म्हटलं, ही तर आपल्या पंगतीची रीत. पानावर हात आडवा धरेपर्यंत वाढत राहायचं.

पण ही रीत साहेबाने फक्त मला सांगितली. पाहुण्यांना सांगायचं राहून गेलं. मी ट्रे घेऊन फिरलो. सगळ्यांनी एकेक घोट घेतला, मान डोलावली, व्हेरी नाईस म्हटलं, आणि सहाच्या सहा जणांनी पुठ्ठा उचलून ग्लासावर ठेवला. भाऊ, तुम्हाला काय सांगायचं, आपल्या या कोळशाच्या मुलखात उघडा ग्लास कोण ठेवतो? उन्हाळी वारा सुटला की पाण्यावर काळी साय धरते. माणूस एक घोट घेतो, झाकतो, बोलतो, पुन्हा उघडतो. मोठे साहेब तर पुठ्ठा पाहून कौतुकाने म्हणाले की जर्मन माणूस धुळीचासुद्धा विचार करून येतो.

डीटर साहेबाने पाहिलं ते वेगळंच. महिनाभर वाट पाहिलेल्या बिअरचा एक घोट घेऊन सहा माणसांनी पुरे म्हटलं. त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि प्रणितला म्हणाला की माझं परतीचं तिकीट उद्याचं काढा. मी प्रणितला कोपऱ्यात ओढून पुठ्ठ्याची भानगड सांगितली. प्रणितने साहेबाला सांगितली. पण साहेब ऐकेना. म्हणाला, तुम्ही लोक पाहुण्याचं मन मोडत नाही, हे मी पाहिलं आहे. माझी बटाट्याची कोशिंबीर सगळ्यांनी छान म्हणून खाल्ली होती. एकट्या डोमाने कच्ची आहे म्हणून सांगितलं. तेव्हा डोमा पिऊन सांगेल तेच खरं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भाऊ, त्या क्षणी मला तलाव दिसला, तुम्ही दिसलात, पाण्यातले माझे पाय दिसले. मोठे साहेब हळूच म्हणाले, "डोमा, पी ना बाप्पा, काऊन उभा राह्यला?" मी म्हणालो, "साहेब, मले शपथ हाय." मग मी डीटर साहेबाच्या पँटला बांधलेल्या दोरीकडे पाहिलं, आणि ग्लास उचलला.

चव सांगतो, कारण समितीला पुरावा लागेल. आधी नुसतं गार. मग भाकरी तव्यावरून उतरवताना येतो तसा वास. मग कुठेतरी सफरचंद, जे आम्ही घातलंच नव्हतं. आणि शेवटी जिभेच्या मागे किंचित कडू, कारल्याएवढं नाही, कोवळ्या मेथीएवढं. जड नाही, चिकट नाही, घशात अडकत नाही. सकाळपासून भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या माझ्या अंगातलं ऊन एका दमात उतरलं. मी साहेबाला म्हणालो, "बरं वाटावं म्हणून नाई सांगून राह्यलो. लय बेस हाय. कोशिंबीर कच्चीच होती, पण हे बेस हाय."

प्रणितने अर्थ सांगायच्या आधीच साहेबाला कळलं. त्याने माझ्या हातातला ट्रे घेतला, मला मोठ्या साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, माझा एप्रन स्वतः बांधला आणि मला वाढायला लागला. भाऊ, ऊर्जानगरच्या साहेबलोकांमध्ये तुमच्या घरचा जावई बसला आहे आणि कोलोनचा इंजिनिअर त्याला वाढतो आहे, हे तुम्ही पाहायला हवं होतं. सगळ्यांनी पुठ्ठे काढले. पिंप तासाभरात आटलं. साहेब त्या संध्याकाळी दोन ताटं वरणभात जेवला आणि शनिवारी मशीन चालू झाली. आज तुमच्या घरात पंखा फिरत असेल तर त्यात माझा वाटा आहे. (खाली बसून ऐकत असलात तर वर पाहा.)

सर्वांना यथायोग्य नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमच्या घरचा आज्ञाधारक जावई,
डोमा

ता. क. वर एक ग्लास असं वाटेल असं लिहिलं गेलं आहे. ग्लास सात होते. ते लहान असतात. पुठ्ठा समोरच होता, पण साहेब इतक्या प्रेमाने वाढत होता की हात जाईना.

ता. क. दुसरा. भाऊ, पेटीत पिंप निजवण्याची अक्कल माझी नव्हती. मी मासोळी फक्त तळतो. कोंडा किती, बर्फाचा तुकडा केवढा, पाणी कुठून काढायचं, हे सगळं भागीरथेचं. महिनाभर रोज सकाळी तिने स्वतःच्या हाताने पेटी भरली. आत काय आहे विचारलं तर मी साहेबाची आंबील म्हणून सांगितलं. "आंबीलीले एवढा बर्फ?" म्हणाली, तर मी म्हटलं, जर्मन आंबील आहे. आणि त्या दुपारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की ही बर्फाची युक्ती कोणाची, तेव्हा मी खुर्चीत बसून माझी म्हटलं. टाळ्या पडल्या. वारलूने खिडकीतून तेही ऐकलं. सात ग्लासांसाठी ती गेली नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. समितीला काय दंड करायचा तो करू दे. मला तिची माफी पाहिजे.

ता. क. तिसरा. भागीरथा, भाऊंना अक्षर लागत नाही आणि तू माहेरी असलीस की त्या घरात आलेलं प्रत्येक पत्र तूच मोठ्याने वाचतेस. आता इथे थांब आणि पुढचं मनात वाच. काल मी सहाही साहेबांना आणि डीटर साहेबाला जेवणाच्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं की पेटी माझ्या बायकोने भरली, मी खोटं बोललो. डीटर साहेब उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. मी म्हटलं, साहेब, ती गावाले गेली हाय, टोपी ती आल्यावर काढा. त्याचं तिकीट तीस तारखेचं आहे. पण तू त्याच्यासाठी नको येऊ. मले करमत नाई. गुरुवारच्या बसने ये. आता भाऊंना सांग, पत्र संपलं.