शुक्रवारपर्यंत पिवळी

अण्णा,

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तारीख आणि वेळ आधी लिहिते, कारण तक्रार करायची तर आधी कधी ते सांगावं, मग काय ते, आणि रडायचं असेल तर सगळ्यात शेवटी, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं आणि त्या शाळेत मला तुम्हीच घातलं होतंत. तर त्या वेळी मी रोह्याजवळच्या वरसेच्या घरात भिजवलेले वाल सोलत बसले होते. पेणच्या शोरूममधून फोन आला. मुलीचा आवाज पाकात बुडवून काढल्यासारखा. म्हणाली, अभिनंदन मॅडम, तुमची व्हाइट कन्फर्म झाली. मी म्हटलं, बाई, मी पिवळी सांगितली होती. तर म्हणते, हो मॅडम, पण सरांनी चेंज केलं ना. मला आधी कळेचना कोण सर. माझ्या आयुष्यात ज्यांना सर म्हणावं असे दोनच पुरुष होते आणि दोघेही वर गेलेत. मग उलगडा झाला की सर म्हणजे माझा मुलगा, तुमचा नातू, जो पुण्यात बसतो. कागदावर दुसरा नंबर त्याचा होता. बाईंचं वय बघून त्या मुलीने खात्री करायला त्याला फोन केला आणि त्याने परस्पर माझ्या गाडीचा रंग बदलून टाकला. गाडी माझी, पैसे माझे, चालवणार मी, आणि रंग त्याचा.

वर ती मुलगी सांगते की कंपनी हा पिवळा बंदच करते आहे. अख्ख्या जिल्ह्यात कोणी घेत नाही. शेवटच्या काही गाड्यांची मागणी शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार, त्यानंतर पांढरी, काळी, राखाडी आणि चंदेरी. चंदेरी म्हणजे राखाडीच, फक्त तोंड धुतलेली. मी आयुष्यभर धाटावच्या कंपनीत कापडाच्या रंगांच्या शेड तपासल्या, मला चंदेरी कोण शिकवणार. तरी मी तिला काही बोलले नाही. नोकरी करणारी पोर, तिच्यावर काय तोंड टाकायचं. तोंड मी पुण्याला टाकलं. मुलगा शांतपणे म्हणाला, आई, पिवळी गाडी विकताना मार खाते. मी म्हटलं, मी घेते आहे की विकते आहे? तर म्हणे विकायच्या दिवसाचा विचार घेतानाच करायचा असतो. लग्न ठरवतानाच काडीमोडाला काय हाती लागेल ते बघून ठेवण्यातला प्रकार. तो म्हणाला, पांढरी उन्हात तापत नाही, ओरखडे दिसत नाहीत, सगळे तीच घेतात. हे शेवटचं खरं आहे. मागच्या महिन्यात दवाखान्यातून बाहेर आले आणि माझी आत्ताची पांढरी समजून दुसऱ्याच गाडीचं दार उघडलं, तर आत एक गृहस्थ डबा खात होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही माझ्या गाडीत काय करता? बिचाऱ्यांनी घाबरून पोळीचा घास हातात धरून माफी मागितली. माझी चार गाड्यांपलीकडे उभी होती, हुबेहूब तशीच, जुळी भावंडं. हायवेवर उभं राहून पाहा, मुंबईहून कोकणात उतरणारी रांग पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी दिसते.

आपली गाडी अशी चुकली असती का हो कुणाला? तिचा रंग तर चुकीतूनच आला होता. मी तेव्हा बारा वर्षांची. तुम्ही मुंबईच्या एका वकिलाकडून ती जुनी गाडी घेतलीत, काळी, त्याच्या कोटासारखी. गुरांच्या डॉक्टरने काळ्या गाडीतून गोठ्यावर जाणं तुम्हाला बरं वाटेना. आपला गणपती पेणच्या ज्या कारखान्यातून यायचा तिथला पितांबराचा पिवळा तुम्हाला फार आवडायचा. तुम्ही पेणच्या गाडीरंगाऱ्याला घेऊन त्या कारखान्यात गेलात. मीही होते, मूर्तींच्या फळ्यांमध्ये फ्रॉक सावरून उभी. मूर्तिकाराने पुठ्ठ्यावर एक ब्रश ओढला, हा घ्या म्हणाला, आणि रंगारी तो ओला पुठ्ठा दोन बोटांत धरून सायकलवरून सुटला. ओल्या रंगाला त्याने रंग जुळवला. पण पाण्यातला रंग सुकला की फिका पडतो, हे मूर्तिकाराला इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं सुचलं नाही आणि रंगाऱ्याला विचारायचं सुचलं नाही. आठवड्याने आपण गाडी आणायला गेलो तर अंगणात हापूसचा रस सांडावा तशी ती उभी. मूर्तिकाराला बोलावणं गेलं. मला तो सगळा तमाशा अजून ऐकू येतो.

“डाक्टर, ह्यो माझा रंग नाय. माझा रंग सुकला की उतरतो.”

“मंग आदी सांगायला काय झालेला?” रंगारी म्हणाला.

“इचारलंस तू? पुठ्ठा घेऊन पलालास तो चोरासारखा.”

रंगारी पुन्हा रंगवून द्यायला तयार होता. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, बॉनेटवर हात ठेवलात आणि म्हणालात, राहू दे, भातातून दिसेल. आईने घरी पाहिलं तेव्हा ती म्हणाली, आता डिकीत हळदीकुंकू ठेवा म्हणजे झालं. पुढे मी धाटावला नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी साहेबाने सांगितलं, ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे, आमच्या दारात उभं आहे.

मला ती गाडी तेव्हा आवडत नव्हती हे तुम्हाला माहीत आहेच. सुट्टीला बोर्डिंगमधून एसटीने पेणला उतरायचे तर स्टँडवरच्या सगळ्या माणसांच्या डोक्यांवरून ती दिसायची आणि बरोबरच्या मुली खिदळायच्या. एकदा रोह्याला घरी येता येता मी तुम्हाला म्हटलं, अण्णा, हिला राखाडी करून घ्या ना, सिस्टर म्हणतात सभ्य माणसं भडक रंग वापरत नाहीत. तुम्ही रागावलात ते तेवढंच, आवाज न चढवता. “सभ्य माणसाला लपायची काय गरज?” असं म्हणून तुम्ही हॉर्न वाजवलात. समोर रस्ता मोकळा होता. त्या हॉर्नचं मला तेव्हा काही कारण दिसलं नाही. मग खाली शेतात एक बाई वाकलेली होती ती उभी राहिली आणि तिने एक हात वर केला.

तो तुमचा आणि त्या शेतकऱ्यांचा करार होता. कोणी ठरवला माहीत नाही, तुम्ही तर नक्कीच नाही. रोह्याहून कोलाडकडे जाताना दोन्ही बाजूंना भात, फोन कोणाकडे नाही, पिवळी गाडी दुरून दिसली की लोक हात करायचे. एक हात म्हणजे राम राम, गुरं बरी आहेत, पुढे व्हा. दोन्ही हात म्हणजे थांबा. मी पुढच्या सीटवर, गुडघ्यांवर तुमची बॅग. उजवीकडे एक हात, डावीकडे एक हात, आणि मग लांब कुठेतरी बांधावर कोणी दोन्ही हात वर करून उभा, सूर्य मागे असला तर नुसतीच आकृती. तुम्ही ब्रेक दाबता, चपला गाडीत काढून ठेवता आणि चिखलात उतरता. मला म्हणता, बस तू. लोक सांगायचे की गाडी दिसली की इंजेक्शन खाल्लेल्या म्हशी दावं तोडून पळतात. तुम्ही हसून म्हणायचात, आजारी म्हैस पळाली तर अर्धं काम झालं. त्या गाडीतून मी पाहिलेलं जग सगळं माझ्याकडे हात करणारं होतं. मला वाटायचं जग असंच असतं. आता मी त्याच रस्त्याने जाते, शेतं पुष्कळ ठिकाणी आहेत अजून, माणसंही आहेत, आणि कोणी मान वर करत नाही. का करावी? पांढऱ्या गाडीत कोण बसलंय हे देवालाही कळणार नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही, कारण सांगायला तुम्ही नव्हतात. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी कोलाडहून आत्याला आणायचं होतं. तिला बसमध्ये चढवत नव्हतं. गाडी चालवायला तुम्हीच शिकवलेली, म्हणून मी निघाले. रोह्यात सगळ्यांना कळलं होतं, पण रोह्याबाहेर बातमी पोचली नव्हती. लोक हात करत होते, अण्णा. एक हात, एक हात, एक हात. मी प्रत्येकाला मान हलवत गेले, काय करणार होते. आणि मग एका वळणापुढे एक शेतकरी रस्त्याच्या कडेला आला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

मला न थांबता जाता आलं असतं. पण पायाने ब्रेक दाबला तो माझ्या आधी. तो धावत तुमच्या बाजूच्या खिडकीशी आला, आत मला बघून तुम्हाला शोधत मागच्या सीटवर डोकावला. मी त्याला सांगितलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग विचारलं:

“मंग तू थांबलीस कशाला गो?”

मी म्हटलं, तुम्ही दोन्ही हात केलेत म्हणून.

म्हैस पहिलारू होती, पहिल्यांदाच विणारी, सकाळपासून अडलेली. मी त्याला हात जोडून सांगितलं की मला यातलं काही कळत नाही, मी कंपनीत रंग तपासते. तेवढ्यात त्याची बायको आली. तिने सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “गाडी तेवढी गोठ्याम्होरं आणून उभी कर. आमाला धीर हुईल.” मी पिवळी गाडी बांधावरून खाली घेतली, गोठ्यासमोर लावली आणि तिच्याजवळ उभी राहिले. बाकी काही केलं नाही. नवरा-बायकोनेच खटपट केली, ती म्हशीशी बोलत होती, तो तुम्ही पूर्वी कधी शिकवलेलं आठवून आठवून बायकोला सांगत होता, डाक्टर असं धरायचं, डाक्टर ओढायचं नाय म्हनायचं. अधूनमधून दोघंही वळून गाडीकडे बघायचे, जसे तुम्ही आतून उतरणार आहात आणि चपला काढायला जरा वेळ लागतोय. पारडू झालं. रेडा होता, त्यांना पारडी हवी होती, तरी बाई हसली. मी आत्याकडे पोचले तेव्हा ती उशीर का म्हणून रागावली. तिला कारण सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. पुढे ती गाडी दादाने विकली आणि घेणाऱ्याने आधी काय केलं असेल तर तिला पांढरी करून घेतली.

तर आता तुम्हाला कळलं असेल की ही म्हातारी पिवळ्यासाठी का भांडते. मुलगा काल पुन्हा फोनवर म्हणाला, आई, नेमकं कारण सांग, मी लगेच पिवळी करून देतो. त्याला काय सांगू? त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही, त्याला शेतातून कोणी हात केलेला नाही. त्याला वाटतं रंग म्हणजे रंग. मी म्हटलं, मला हवी म्हणून हवी, आणि फोन ठेवला. खुशाल म्हणू दे हट्टी.

पण अण्णा, आज बुधवार आहे आणि मी शोरूमला अजून फोन केलेला नाही. एक वाक्य बोलायचं आहे, पिवळीच द्या. चार वेळा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. मी, जिने कंपनीत मॅनेजरच्या टेबलावर नापास शेडचे तुकडे पसरून त्याला उभं केलं होतं. कारण विचाराल तर लिहिते, हे काही मी पोस्टाच्या पेटीत टाकणार नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही. आज पांढऱ्या गाडीतून जाते आणि कोणी हात करत नाही, तर मला म्हणता येतं की दोष गाडीच्या रंगाचा आहे. उद्या पिवळी घेऊन कोलाडच्या रस्त्याला लागले आणि तरीही कोणी मान वर केली नाही, तर मग मी कोणाला बोल लावू?

याचं उत्तर मला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं आहे. लेखी द्या. तोंडी चालणार नाही. तोंडी काहीही विचारलं तरी तुम्ही नेहमी एवढंच म्हणायचात, तुला काय वाटतं?