कॅप्टन तुस्कानो खोटं बोलतात

२७ ऑक्टोबर १९८१

कॅप्टन जिवंत आहे. हिलरी नाही.

आज पेपरात फोटो आला. 'चोवीसपैकी तेवीस जण सुखरूप – वसईच्या शूर कप्तानाची कामगिरी.' चोविसावा कोण, ते अगदी शेवटच्या ओळीत. तेही चूक! 'हिलरी कोरीया, खलाशी.' खलाशी नव्हता माझा नवरा. थर्ड इंजिनीअर होता. परीक्षा देऊन झाला होता. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाला, तेव्हा गावभर पेढे वाटले होते मीच.

काल वाघोलीला त्या कॅप्टनच्या दारात बँड वाजला म्हणे. हार घातले. हार! सिमेंटनं भरलेलं अख्खं जहाज वेरावळसमोर बुडवून आला, त्याला हार.

कॅप्टननं सगळ्यांच्या शेवटी उतरायचं असतं ना? मग हिलरी मागं राहिलाच कसा? हे कुणीच विचारत नाही. सगळे मला म्हणतात, "देवाची इच्छा."

२९ ऑक्टोबर

शाळेत गेले. तिसरीच्या मुली इतक्या गप्प बसल्या होत्या की त्यांच्यावरच ओरडले. पाढे म्हणा! मोठ्यानं म्हणा!

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आमच्या गासच्या सिमेट्रीत सगळे आपापल्या कबरींवर फुलं ठेवत होते. मी कुठं ठेवू? सासऱ्यांच्या कबरीच्या कडेला चार झेंडू ठेवले आणि उभी राहिले. आयला – हिलरीच्या आईला – धरून उभं करावं लागलं.

तेवढ्यात तो आला. कॅप्टन प्लासिड तुस्कानो. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. लोकांनी वाट करून दिली, बिशप आल्यासारखी.

"आग्नेस," म्हणाला, "मला जरा बोलायचंय."

मी सगळ्यांसमोर विचारलं, "कॅप्टन शेवटी उतरतो ना? मग माझा हिलरी कुठाय?"

फादरसुद्धा प्रार्थना म्हणायचे थांबले.

तो म्हणाला, "मीच त्याला खाली इंजिनावर ठेवलं. माझा हुकूम होता. दोष माझा."

बस्स. एवढंच. नजर हलली नाही की आवाज हलला नाही. मला वाटलं होतं सबबी सांगेल, रडेल, माफी मागेल. कसलं काय! जसा काही बाजारात केळ्यांचा भाव सांगतोय.

मी त्याच्या पायाशी थुंकले. हो, थुंकले. लिहून ठेवते. मला लाज वाटत नाही.

४ नोव्हेंबर

कंपनीचा माणूस आला. गाडी रस्त्यावर ठेवून वाडीतल्या चिखलातून चालत. बूट बरबटले म्हणून कपाळावर आठ्या, पण बोलायला लोण्यासारखा मऊ.

सिमेट्रीतलं सगळं त्याच्या कानावर गेलंच होतं. "कॅप्टन असं म्हणाला? त्याच शब्दांत? साक्षीदार आहेत?" प्रत्येक शब्द वहीत उतरवला. म्हणाला, "जहाज उत्तम होतं, बाई. माणूस चुकला. तेवीस तारखेला मुंबईला चौकशी आहे. तुम्ही फक्त एवढंच तिथं सांगा. त्याचा परवाना आम्ही काढून घेतो."

मी हो म्हटलं. जन्मभर पुन्हा जहाजावर पाय ठेवता येऊ नये त्याला!

तो गेल्यावर आय चुलीपुढून म्हणाली, "हिलरीला खाली ठेवला म्हनतो. आमच्या हिलरीनं जन्मात कवा कोनाचा हुकूम आयकलाय?"

तिच्यावरही चिडले. म्हातारीला मेलेल्या मुलातही खोडी दिसते.

९ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर फाटकाशी एक माणूस सायकल धरून उभा. राजोडीचा शत्रुघ्न. हिलरीच्या जहाजावर, 'रत्नमोती'वर, सुकाणूच्या चाकावर असायचा. हिलरीच्या पत्रांत नाव वाचलेलं. मला बघून डोळे खाली.

"बाई, तुमी चौकशीला जानार हाय, आयकलं."

"जाणार. का? कॅप्टननं पाठवलं?"

"न्हाय, न्हाय. साहेबांना कळलं तं मला मारतील. त्यांनी सगल्यांना सांगितलंय, कोनी तोंड उघडायचं न्हाय."

एवढं ऐकल्यावर त्याला सोडतेय होय! वर्गात नेऊन बाकावर बसवला. तिसरीच्या बाकावर. गुडघे छातीला लागत होते बिचाऱ्याचे. आणि तो बोलायला लागला. सगळं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

जहाजाच्या पोटातल्या गोदामावरची लाकडी झाकणं कुजली होती. कॅप्टननं कंपनीला दोनदा पत्र लिहिलं. पोरबंदरहून तर निघायलाच नाही म्हणाला. वरून निरोप आला – तुम्ही नेत नसाल तर दुसरा कॅप्टन पाठवतो. शेवटी निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळानं गाठलं. पुढची झाकणं फुटली. गोदामात पाणी, त्यात सिमेंट. जहाज एका अंगाला कलायला लागलं. दोन होड्या होत्या, त्यांतली एक लाटेनं आधीच फोडली. उरली एक.

"साहेबांनी सगल्यांना वर बोलावलं. इंजिनातले सगले आले. हिलरी पन आला, बाई. वर आला हुता! माज्या डोल्यांनी बगितला."

मी विचारलं, "मग?"

"मग बोलला, इंजिन बंद पडलं की जहाज आडवं होईल. लाट होडीला जहाजावर आपटंल, एक पन वाचनार न्हाय. साहेब बोलले – न्हाय, चल होडीत, हा हुकूम हाय. तो हसला. आनि जिना उतरून गेला."

हसला म्हणे!

माझ्या हातात खडू होता. त्याचा चुरा झालेला नंतर दिसला.

कॅप्टननं शत्रुघ्नच्या हातातलं चाक स्वतः घेतलं, जहाजाचं तोंड लाटेवर धरलं. वरून खाली इंजिनाला इशारा द्यायला एक घंटेचं यंत्र असतं – काटा फिरवला की खाली घंटा वाजते, आणि खालचा माणूस आपला काटा फिरवून उत्तर देतो. कॅप्टननं दिलं – 'थांब'. म्हणजे, सोड आणि वर ये. खालून उत्तर आलं – 'हळू पुढे'. पुन्हा 'थांब'. पुन्हा 'हळू पुढे'. तिसऱ्यांदाही तेच.

"साहेब शिव्या देत हुते, बाई. रडत हुते आनि शिव्या देत हुते. चाक सोडलं तं होडी गेली, न्हाय सोडलं तं हिलरी."

होडी पाण्याला लागली, बावीस जण सुटले, तेव्हा कॅप्टन चाक सोडून खाली धावला. होडीकडं नाही. इंजिनाकडं. लोखंडी दार त्याच्या हातावर आपटलं. मग जहाजच उलटलं. तो पाण्यात सापडला तेव्हा हात लोंबत होता, आणि पुन्हा जहाजाकडं पोहत होता. चौघांनी धरून ओढला.

१० नोव्हेंबर

हिलरी, तुला कुणी सांगितलं होतं रे? वर आला होतास! चार पावलांवर होडी होती! चार वर्षांचा संसार, त्यातली अडीच समुद्रावर. आणि उरलेलं आयुष्य तू एका घंटेच्या उत्तरात देऊन टाकलंस. हसत! मला एकदा विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, ते तुला ठाऊक होतं. म्हणूनच हसलास.

आयनं दोनदा जेवायला बोलावलं.

११ नोव्हेंबर

आणि तो दुसरा! सिमेट्रीत माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलला! माझा नवरा स्वतःच्या पायांनी गेला, स्वतःच्या डोक्यानं गेला. ते हिसकावून घेऊन ह्यानं त्याला हुकमाचा ताबेदार केला! हा अधिकार कुणी दिला ह्याला?

१५ नोव्हेंबर

चर्चमधली मिस्सा झाल्यावर तशीच वाघोलीला गेले. कॅप्टन वाडीत केळीला डाव्या हातानं आळं करत होता. त्याच्या बायकोनं, सालोमीनं, खुर्ची आणली. मी बसले नाही.

"खोटं का बोललात?"

त्याला लगेच कळलं. "शत्रुघ्न," म्हणाला. मग हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"हुकूम मोडून गेला म्हटलं, तर कंपनी लिहील – स्वतःच्या चुकीनं मेला. मग तुम्हाला आणि त्याच्या आईला भरपाईचं काहीही लागू होणार नाही, आणि त्याच्या नावाला कायमचा डाग. माझा हुकूम होता म्हटलं, तर तो कामावर असताना गेला. एवढंच."

"आणि कुजलेली झाकणं?"

"एक माणूस दोषी सापडला की झाकणांकडं कोण बघतो? तेही माझ्यावरच जाईल. जाऊ दे. पोरबंदरहून मी निघायलाच नको होतं. दुसरा कॅप्टन आला असता तर आला असता. त्याची शिक्षा मला हवीच आहे."

"शिक्षा हवी तर चर्चमध्ये जा! पापकबुली करा! माझ्या नवऱ्याच्या मरणावर का घेता?" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या विहिरीवरच्या बायका बघायला लागल्या. "तो मेला तो त्याच्या मर्जीनं. ती मर्जी माझ्या घरची आहे. तुमची नाही!"

सालोमी रडायला लागली. तो उभाच. मग हळूच म्हणाला, "आग्नेस, तुम्ही खरं सांगितलंत तर तुमच्या हाती काही राहणार नाही. नीट विचार करा."

"तुम्ही हुकूम द्यायची सवय सोडा," म्हटलं, आणि निघाले.

वाटेत लक्षात आलं – हिलरीही ह्याच माणसाला असाच नाही म्हणाला असणार.

२० नोव्हेंबर

कंपनीचा माणूस पुन्हा आला. साक्षीत काय बोलायचं ते टाईप करून आणलेलं. चहासुद्धा दिला नाही. कागद ठेवून घेतला.

२२ नोव्हेंबर

आयला सगळं सांगितलं. ती माळ हातात धरून बसली. मणी पुढं जाईना. मग म्हणाली, "आपलं जाईल ते जाऊ दे. माज्या पोराचं खोटं कोनी लिवायचं न्हाय."

२३ नोव्हेंबर

साक्ष दिली. पहिलं वाक्य बोलले, "कॅप्टन तुस्कानो खोटं बोलतात." कंपनीचा वकील खुशीत हसला. मग मी पुढचं सांगितलं – कोण वर आलं, कोण परत खाली गेलं, कुणी तीनदा थांब म्हटलं. कॅप्टन मध्येच उभे राहून "नाही, नाही" म्हणाले. त्यांना खाली बसवलं. माझ्यानंतर शत्रुघ्न बोलला. न्यायाधीशांनी झाकणांबद्दलची दोन्ही पत्रं कंपनीकडं मागितली. वकील हसायचा थांबला.

सरकारी कागदावर आता असं आहे – हिलरी कोरीया, थर्ड इंजिनीअर, याने कॅप्टनचा हुकूम मोडला. मीच लिहायला लावलं. वाचून दाखवलं, तेव्हा खाली सही केली.